एक पाकीट, एक गडवा

त्या पाच दिवसांच्या कार्यशाळेत आम्हाला चेहरा कोरा ठेवायला शिकवलं. थट्टा करत नाही, खरंच शिकवलं. आमच्या कॉलेजातले आम्ही अकरा शिक्षक खुर्च्या गोल मांडून बसलो होतो आणि बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाई सांगत होत्या की विद्यार्थी चर्चा करत असताना मान हलवायची नाही, भुवया उचलायच्या नाहीत, 'बरोबर' म्हणायचं नाही आणि 'चूक' तर मुळीच म्हणायचं नाही. मग जोड्या लावून सराव झाला. माझी जोडीदारीण मुद्दाम म्हणत होती की तापाने फणफणलेल्या पोराला तीन गोधड्या घालायच्या आणि खिडक्या लावून घ्यायच्या. मी ढिम्म बसले. तज्ज्ञ बाई म्हणाल्या, "उत्तम!" त्या 'उत्तम'चा मला अजून राग येतो. मला ते इतकं छान जमलं याचा तर जास्तच येतो.

वर्ध्याबाहेर मोठ्या रस्त्याला लागून आमचं नर्सिंग कॉलेज आहे. मी पवनारहून रोज बसने येते आणि तेवीस वर्षं झाली, बालआरोग्य हा विषय शिकवते. शिकवते म्हणजे लेक्चर देते. वर्गात शिरायचं, फळ्यावर तारीख टाकायची, विषयाचं नाव लिहून खाली दोन रेघा मारायच्या आणि बोलायला लागायचं. साठ माना खाली, साठ पेनं चालू. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो, फॅन बंद असला काय आणि चालू असला काय. पोरी म्हणायच्या, मॅडमच्या नोट्स घेतल्या की पुस्तक उघडावं लागत नाही. मला ते ऐकून बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

तीन वर्षांपूर्वी आमच्या प्राचार्यांनी पीबीएल आणलं. समस्याधारित शिक्षण. लेक्चर निम्मी केली. त्याऐवजी आठ-आठ मुलांचे गट पाडायचे, त्यांना कागदावर एका पेशंटची हकीकत द्यायची आणि उत्तर त्यांनी आपसात बोलून, पुस्तकं धुंडाळून शोधायचं. गटात एक अध्यक्ष, एक लेखनिक. शिक्षकाने नुसतं बसायचं. त्याला शिक्षक म्हणायचंही नाही, फॅसिलिटेटर म्हणायचं. सोमवारी हकीकत द्यायची, मधे आठवडाभर अभ्यास, आणि पुढच्या सोमवारी उत्तर मांडायचं.

कल्पना म्हणून मला त्यात काही वाईट दिसत नव्हतं. डोकं फिरायचं ते तिची आमच्याकडे जी गत झाली ती पाहून. कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे मागच्या बॅचने मांडलेली सगळी उत्तरं स्पायरल बाइंडिंग करून मिळायला लागली. मुलं ती वाचून यायची आणि माझ्यासमोर विचार करण्याचं नाटक करायची. एक जण कपाळाला हात लावून म्हणायचा, "मला असं वाटते की..." दुसरी म्हणायची, "पण आपण याचाही विचार करावा का?" आणि नेमक्या विसाव्या मिनिटाला सगळ्यांना एकदम साक्षात्कार व्हायचा. मी कोरा चेहरा करून गुण द्यायची. गुण सहभागाला होते, म्हणजे बोलण्याला. जो बडबड करेल त्याला आठ, जो गप्प बसेल त्याला तीन. बडबडीत तथ्य किती, याला रकाना नव्हता.

मी प्राचार्यांकडे तीनदा गेले. ते म्हणाले, "मॅडम, तुम्हाला स्वतःचा आवाज ऐकायची सवय झाली आहे." सगळ्या स्टाफरूमसमोर म्हणाले. शेजारच्या बाईंनी चहाच्या कपात तोंड घातलं. मी त्या दिवशी बसमध्ये पवनार येईपर्यंत मनातल्या मनात भांडत होते. आता वाटतं, पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे. मला त्या माणसाला तोंडावर पाडायचं होतं.

त्या पावसाळ्यात माझ्या गटाला हकीकत आली ती जुलाब झालेल्या दीड वर्षाच्या मुलाची. खेड्यातलं घर, आई शेतावर जाणारी. विचारलं होतं की आईला ओआरएस करायला कसं शिकवाल. ओआरएस म्हणजे ते मीठ-साखरेचं सरकारी पाकीट. एक पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचं, एवढी साधी गोष्ट. पाणी जास्त झालं तर उपयोग होत नाही. पाणी कमी झालं तर मीठ जास्त होतं आणि आधीच सुकलेल्या पोराला ते घातक ठरतं. ही गोष्ट मी एकवीस वर्षं, दरवर्षी, फळ्यावर चौकटीत लिहीत आले होते.

गटाचा अध्यक्ष नागपूरचा मुलगा होता. बोलण्यात तरबेज. लेखनिक होती गिरडकडच्या एका खेड्यातली मुलगी, शेतकऱ्याच्या घरची. तिचं अक्षर सुरेख, म्हणून दर वेळी मार्कर तिच्या हातात आणि दर वेळी सहभागाचे गुण तीन, कारण लिहिणारीला बोलायला वेळ कुठे असतो. नाकीडोळी नीटस, अंगाने बारीक, आणि काही विचारायचं असलं की आधी समोरच्याच्या तोंडाकडे पाहायची.

त्या दिवशी झेरॉक्सवाल्याच्या गठ्ठ्यातलं उत्तर सांगून झालं आणि मुलं उठायच्या बेतात होती, तेवढ्यात तीच म्हणाली, "पन मॅडम, घरी लिटर कुठं राह्यते?"

उठू लागलेली मुलं परत टेकली.

"मंजे?" अध्यक्षाने विचारलं.

"मंजे त्या बाईले आपन सांगू, लिटरभर पानी घे. ते मोजन कशानं? माह्या मायले सांगतलं तं ते कशानं मोजन?"

मी सावरून बसले. एकवीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. तिच्या आधीच्या हजारभर पोरींनी 'एक लिटर' असं लिहून घेतलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि नोकरीला लागून आयांना सांगितलंही होतं. मीही कधी विचार केला नव्हता. माझ्या गाजलेल्या लेक्चरमध्ये लिटर होता, भांडं नव्हतं. ज्या पद्धतीला मी शिव्या घालत होते तिच्यातून, त्या सगळ्या नाटकातून, एक खराखुरा प्रश्न निघाला होता.

अध्यक्षाने तो लगेच निकालात काढला. "अरे सिंपल आहे ना. गडवा सांगायचा. प्रत्येक घरी गडवा असतोच. गडवा म्हणजे एक लिटर, फिक्स."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे पाणी प्यायच्या तांब्याला गडवा म्हणतात. माझ्या घरच्या गडव्यात अर्धा लिटर मावतं, काठोकाठ भरला तर थोडं जास्त. हे मला पक्कं माहीत आहे, कारण मी रोज त्याने कणकेचं पाणी घेते.

मुलगी मार्कर उघडून उभी होती. ती म्हणाली, "आमच्या घरचा गडवा लहान हाये." एवढंच, हळू आवाजात. आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

ते पाहणं मी विसरणार नाही. तिला माझ्याकडून उत्तर नको होतं. मान जरा हलली असती तरी तिला पुरलं असतं. ती पुढे बोलली असती, भांडली असती, पळत जाऊन मेसमधून गडवा आणला असता. मी चेहरा कोरा ठेवला. कार्यशाळेत शिकवला होता तसाच.

तिने आपलंच चुकलं असं धरलं. वळली आणि चार्टवर सुंदर अक्षरात लिहिलं: एक पाकीट, एक गडवा पाणी. खाली, नियमाप्रमाणे, लेखनिक म्हणून स्वतःचा रोल नंबर.

आता मी जे लिहिते आहे ते लिहायला मला दोन वर्षं लागली. मी गप्प बसले ते नियमासाठी नाही. पुढच्या सोमवारी प्राचार्य स्वतः आमच्या गटाचं सादरीकरण पाहायला येणार होते. मला वाटलं, येऊ दे. त्यांच्या लाडक्या पद्धतीने निघालेलं उत्तर त्यांच्यासमोर भिंतीवर लागू दे. मग मी शांतपणे उठेन, पिशवीतून घरचा गडवा आणि एक लिटरची बाटली काढेन आणि त्यांच्यासमोर ओतून दाखवेन. मला ती चूक हवी होती. बसमध्ये बसून मी ते दृश्य चार वेळा मनात रंगवलं, कोणत्या शब्दाने सुरुवात करायची तेसुद्धा. त्या भरात एक गोष्ट माझ्या डोक्यातून साफ गेली. मधल्या गुरुवारी आमची गावभेट होती.

गाव समुद्रपूर तालुक्यातलं, त्या मुलीच्या गावापासून तीनेक किलोमीटरवर. कॉलेजची बस अंगणवाडीसमोर थांबली. मुलं दोघादोघांनी घरोघर गेली. मी अंगणवाडीत बसून हजेरीपत्रकावर सह्या करत होते. एकवीस वर्षांच्या अनुभवी शिक्षिकेने गावात जाऊन काय करावं, तर सह्या.

अर्ध्या तासाने आरडाओरडा ऐकू आला. गावची आशा कार्यकर्ती, माझ्याच वयाची असेल, एका हातात स्टीलचा गडवा आणि दुसऱ्या हाताने त्या मुलीचं मनगट धरून अंगणवाडीकडे येत होती. मागे पाच-सहा बाया.

"मॅडम, काय शिकवून राह्यल्या तुमी या पोरीयले?" तिने गडवा माझ्या टेबलावर आदळला. "चाखून पाहा. पाहा ना, चाखा!"

मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. तोंड वाकडं होईल इतकं खारट.

"अख्खं पाकीट एवढ्याशा गडव्यात! त्या पोराले दोन दिसापासून हगवन हाये. याहीनं त्याले सहा चमचे पाजले अन् ते भडाभडा ओकलं. मी टायमावर पोचली म्हनून. नाई तं ते माय तं अख्खा गडवा पाजत होती, शिकलेल्या पोरी सांगून राह्यल्या म्हनून."

मुलगी रडत नव्हती. ती नुसती गडव्याकडे पाहत होती.

त्या पोराला आम्ही बसमध्ये घालून गिरडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी दोन तास ठेवून घेतलं, बरोबर केलेलं पाणी चमच्या-चमच्याने पाजलं आणि संध्याकाळी घरी सोडलं. पोर वाचलं. वाचलं म्हणून मी हे लिहू शकते आहे. परतताना आशा कार्यकर्ती माझ्या शेजारी बसली होती. तिचा राग आता उतरला होता, माझा चढत होता. तिने सांगितलं की तिला एका जुन्या नर्सबाईने शिकवलं. त्या बाईने लिटरची बाटली घेऊन तिला घरोघर हिंडवलं होतं आणि एकेका घरच्या भांड्यात किती पाणी मावतं ते मोजायला लावलं होतं. "अन् पाजायच्या आधी आपन चाखा लागते मॅडम. डोळ्यातल्या आसवायपेक्षा खारट लागलं का फेकून द्याचं." आठवी शिकलेली बाई. तिला ना लेक्चर मिळालं होतं, ना पीबीएल.

दुसऱ्या दिवशी सरपंचांचा फोन आला, मग पत्र आलं. त्या मुलीच्या घरी बातमी तिच्या आधी पोचली होती. शनिवारी प्राचार्यांनी समिती बसवली. टेबलावर तो चार्ट पसरला होता, कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवून. त्या मुलीला एकटीला उभं केलं होतं. अध्यक्ष मुलाला बोलावलंच नव्हतं, कारण चार्टवर अध्यक्षाचा रोल नंबर लिहायचा नियम नाही.

"हे अक्षर तुझंच ना?" प्राचार्यांनी विचारलं.

"हो सर."

"गावात प्रात्यक्षिक कोणी दाखवलं?"

"मी सर."

"पुस्तकात काय लिहिलं आहे?"

"एक लिटर."

"मग?"

उत्तराची वाट न पाहता ते पुढच्या कागदावर लिहायला लागले. तिचे अंतर्गत गुण शून्य करायचं ठरत होतं. शून्य म्हणजे वार्षिक परीक्षेला बसता येत नाही. परीक्षेला बसली नाही म्हणजे वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं म्हणजे तिचं शिक्षण संपलं. घरचे तिला परत पाठवणार नव्हते. हे मला तिच्या मैत्रिणीने जिन्यात सांगितलं होतं. वडील म्हणाले होते, गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस, आता बस झालं कॉलेज.

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

प्राचार्यांनी वर पाहिलं. "काय माहीत होतं?"

"गडव्यात लिटर मावत नाही हे. सोमवारी, त्याच वेळी माहीत होतं. हिने शंका घेतली होती. सगळ्या गटात हिने एकटीने घेतली होती. मी तिच्याकडे पाहत बसून राहिले. शून्य द्यायचं तर मला द्या."

प्राचार्य हसले. चक्क हसले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही उगाच मनाला लावून घेता. तुम्ही हस्तक्षेप केला नाहीत, हीच तर पद्धत आहे. उलट मला कौतुक वाटतं. मी समजत होतो तुम्ही याच्या विरोधात आहात." आणि लिहून घेणाऱ्या क्लार्कला सांगितलं, "लिहा. फॅसिलिटेटर यांनी पद्धतीचे काटेकोर पालन केले."

माझ्या कानशिलांतून जाळ निघाला. मी एकवीस वर्षांत कॉलेजात कधी आवाज चढवला नव्हता, वर्गात सोडून. त्या दिवशी चढवला. मी म्हणाले, तुमच्या पद्धतीने एक पोर मरत होतं, आणि त्याच पद्धतीने हिच्या तोंडून एक खरा प्रश्न काढलाही होता. तो आपण दोघांनी मिळून मारला, तुम्ही नियम करून आणि मी तो पाळून. मी म्हणाले, गुणपत्रिकेवर विषयशिक्षिका म्हणून माझी सही लागते, ती मी करणार नाही. हिची नाही आणि बाकी एकोणसाठ जणांचीही नाही. पाठवा विद्यापीठाकडे बिनसहीची. बाहेर पॅसेजमध्ये प्यून थांबून ऐकत होता.

बोलायचं ते बोलले, पण एक गोष्ट तेव्हाही बोलले नाही. मला तुम्हाला पाडायचं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. नियमाच्या आड लपले.

आठ दिवस ओढाताण चालली. शेवटी सहीवाचून त्यांचं अडलं आणि तडजोड निघाली. मुलीला परीक्षेला बसू द्यायचं, पण दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस त्याच गावात पुन्हा काम करायचं. तिच्या वडिलांना भेटायला मी गेले. त्यांनी चहा दिला आणि तिला पाठवतो म्हणाले.

सुट्टीत मी तिच्याबरोबर गावात जाऊ लागले. पहिल्या दिवशी बसमध्ये तिने मला एकच प्रश्न विचारला. आवाजात राग नव्हता, तोच जास्त लागला.

"मॅडम, तुमाले माहीत होतं तं काऊन नाई सांगतलं? मी पाह्यलं होतं तुमच्याकडं."

मी तिला सगळं सांगितलं. प्राचार्यांना न सांगितलेलंही सांगितलं. गडवा आणि बाटली पिशवीतून काढून ओतून दाखवायचा माझा बेतसुद्धा. तिने ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. गिरडची टेकडी दिसायला लागली तरी ती तशीच होती.

गावात पहिली दोन घरं आमच्यासाठी उघडली नाहीत. तिसरं उघडलं, ते आशा कार्यकर्ती पुढे होती म्हणून. मुलीने त्या घरातला गडवा मागितला. आपल्या पिशवीतून लिटरची बाटली काढली आणि ओतून मोजलं. दोन गडवे आणि वर चार बोटं. वहीत घराचा नंबर टाकून तिने ते लिहिलं. पंधरा दिवसांत तिने गावातली त्र्याण्णव घरं अशी मोजली. त्र्याण्णव घरांत गडव्याची मापं एकसारखी नव्हती, आणि लिटरभर मावणारा गडवा फक्त चार घरांत निघाला.

शेवटच्या दिवशी ती त्याच घरी गेली, जिथे ते सहा चमचे पाजले होते. पोर आता अंगणात धावत होतं, त्याला काही झालं नव्हतं. त्याची आई दारात हाताची घडी घालून उभी राहिली. मुलगी ओट्यावर बसली, पाणी मोजलं, पाकीट फोडलं, ढवळलं. मी समोर बाजेवर बसले होते आणि मला सांगावंसं वाटत होतं, बरोबर आहे, अगदी बरोबर आहे. माझी मान आपोआप हलायलाही लागली होती. तिने चमचाभर पाणी स्वतःच्या तोंडात घेतलं, चव पाहिली, आणि भांडं त्या आईपुढे धरून म्हणाली, "चाखून पाहा ताई. तुमीच पाहा."

मी समोरच होते, दोन हातांवर. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.